पितृत्व-चाचणी आणि औरसत्वाचे गृहीतक : एका न्यायनिर्णयाची चिकित्सा

प्रस्तावना :
विवाहसंबंध अस्तित्वात असताना जन्मलेले अपत्य पतीचेच मानावे, हा नियम भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम ११२ ने घालून दिला. विवाह संपुष्टात आल्यापासून २८० दिवसांच्या आत जन्मलेल्या अपत्यालाही, माता अविवाहित राहिली असल्यास, तो लागू होतो. हे गृहीतक निर्णायक स्वरूपाचे असून, गर्भधारणेच्या काळात पति-पत्नींना परस्परसंपर्काची संधी नव्हती हे सिद्ध करणे, एवढाच त्याला अपवाद आहे. सर्वोच्च न्यायालयाने ६ जानेवारी २०१४ रोजी दिलेल्या निर्णयाने या चौकटीलाच धक्का दिला. त्याचा नागपूरशी असलेला संबंध पाहता येथील अभ्यासकांनी त्याची चिकित्सा करणे अगत्याचे ठरते.

निर्णयाचे स्वरूप :
प्रकरण पोटगीचे होते. दंडाधिकाऱ्यांनी पत्नीस दरमहा ९०० व मुलीस ५०० रुपये मंजूर केले होते. पतीने पितृत्व नाकारले. नागपूरच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेतील डीएनए चाचणीचा निष्कर्ष त्याच्या बाजूने आला. हैदराबाद येथील फेरचाचणीनेही त्यास दुजोरा दिला. कायद्याने कल्पिलेला निर्णायक पुरावा आणि जगन्मान्य विज्ञानाचा पुरावा यांत विरोध आल्यास विज्ञान श्रेष्ठ, असे न्यायालयाने म्हटले. आधी दिलेली रक्कम परत घेऊ नये, एवढाच दिलासा मुलीच्या बाजूस मिळाला.

चिकित्सा :
या युक्तिवादातील दुवा निसटता आहे. डीएनए चाचणी जनक कोण हे सांगते; पति-पत्नींमध्ये संपर्काची संधी होती किंवा नाही, हे ती सांगत नाही. संपर्क असूनही जनक अन्य व्यक्ती असू शकते. तथापि न्यायालयाने चाचणीच्या निष्कर्षावरूनच संपर्काचा अभाव सिद्ध झाल्याचे मानले. म्हणजे अपवादाचा अर्थ लावताना नवा अपवादच निर्माण झाला, आणि हे काम वस्तुतः विधिमंडळाचे आहे.

दुसऱ्या बाजूचे बळही नाकारता येत नाही. दोन अहवाल समोर असताना त्यांकडे डोळेझाक करून पतीवर पितृत्व लादणे न्यायबुद्धीस पटणारे नाही. इंग्लंडने १९६९ च्या कायद्याने हे गृहीतक संभाव्यतेच्या तुलनेवर खंडनीय ठरविले. जर्मनीत शंकेची कारणे कळल्यापासून दोन वर्षांतच पितृत्वास आव्हान देता येते. सत्य आणि स्थैर्य यांचा मेळ तेथे कायद्यानेच घातला आहे.

भारतात मात्र तो न्यायालयांवर सोपविला गेला. चाचणी सरसकट मागता येणार नाही, ही १९९३ पासूनची भूमिका सर्वोच्च न्यायालयाने पुण्यातील एका दांपत्याच्या प्रकरणात २०२३ मध्ये अधिक दृढ केली. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, पत्नीवर व्यभिचाराचा आरोप आहे एवढ्यावरून अल्पवयीन मुलाला चाचणीस भाग पाडता येणार नाही, असे सांगत कुटुंब न्यायालयाचा आदेश रद्द केला. परिणामी चाचणीचे दार अरुंद झाले. परंतु ते एकदा उघडल्यावर येणाऱ्या निष्कर्षाचे काय करावे, हा २०१४ चा प्रश्न कायम राहिला.

निष्कर्ष :
१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ११६ मध्ये जुनीच तरतूद जवळपास जशीच्या तशी आली आहे. डीएनएचा उल्लेख नाही, आव्हानास कालमर्यादा नाही, बालकाच्या स्वतंत्र प्रतिनिधित्वाची तरतूदही नाही. दीडशे वर्षांनंतर आलेली संधी अशा रीतीने वाया गेली. पतीची फसवणूक झाली असल्यास त्याला दाद मिळावी, हे खरे. परंतु ज्या बालकाने कोणताच दावा केला नाही, त्याच्या नावाचा, पोटगीचा व प्रतिष्ठेचा निकाल दोन प्रौढांच्या कलहात लागावा, हे न्याय्य म्हणता येणार नाही.