पंडिता रमाबाईंचा वाद : मूळ आणि भाष्य

पंडिता रमाबाईंच्या इंग्रजी पत्रव्यवहाराचा संग्रह महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळानें १९७७ सालीं अ. भि. शहा यांच्या संपादनाखालीं प्रसिद्ध केला. त्यांतील १८८५ सालच्या पत्रांत कोणी बंडखोर स्त्री पाहतो, तर कोणी श्रद्धेंत कच्ची राहिलेली शिष्या पाहतो. परंतु वादाचा मूळ प्रश्न, म्हणजे ख्रिस्ती शास्त्रांत येशूस देव म्हटलें आहे काय, याकडे त्या मानानें लक्ष गेलें नाहीं. हा संग्रह येथें चिमुरास बसून पुन्हा वाचतांना आम्हांस जें दिसलें, तें वाचकांपुढें ठेवितों.

प्रथम साधनाचा विचार. रमाबाईंचा बाप्तिस्मा इंग्लंडांत वाँटेज येथें २९ सप्टेंबर १८८३ रोजीं झाला. पुढें त्या चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजांत राहिल्या. तेथील मुख्याध्यापिका डोरोथिया बील आणि वाँटेजच्या मठांतील सिस्टर जेराल्डीन या दोघींशीं त्यांची ही चर्चा झाली. जेराल्डीनबाईंस रमाबाई 'आजीबाई' म्हणत. हीं पत्रें जतन करून जुळविलीं तीं याच आजीबाईंनीं. म्हणजे वादांतील एक पक्षच दप्तरदार झाला. दप्तर राखल्याबद्दल त्यांचे उपकार आहेतच. पण रमाबाईंच्या शंकेस त्यांनीं गर्व आणि हट्ट असें जें नांव दिलें, तें पक्षकाराचें म्हणणें म्हणून वाचावें, निवाडा म्हणून नव्हे.

पत्रें नीट पाहतां हट्ट दिसत नाहीं, पद्धति दिसते. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची कन्या ज्या रीतीनें शास्त्रार्थ शिकली, त्याच रीतीनें तिनें येथें प्रश्न केला. त्रैक्याचें मत व अथानेशियन मतप्रतिज्ञा यांस मूळ ग्रंथांत आधार कोणता? धर्मगुरु सांगतात एवढ्यावरून तें मानण्यास त्या तयार नव्हत्या. श्रुतीचा आधार नसलेली स्मृति दुर्बळ, हा आपल्याकडील मीमांसकांचा नियमच त्यांनीं परक्या शास्त्रास लाविला. सदर प्रतिज्ञा चवथ्या शतकांतील अथानेशियसच्या नांवावर चालते, पण ती त्याची नव्हे. ती त्याच्या पश्चात् लॅटिन भाषेंत रचलेली आहे. परनामावर चालणारे ग्रंथ आपल्या संग्राहकांस नवीन नाहींत.

हा प्रश्न केवळ तर्काचा नव्हता, पोथ्यांचाही होता. स्वर्गांतील तिघे साक्षी एकच आहेत, असें सांगणारें वचन योहानाच्या पहिल्या पत्राच्या पांचव्या अध्यायांत छापलें जात असे. तें जुन्या ग्रीक पोथ्यांत नाहीं. इरॅस्मसनें १५१६ व १५१९ च्या आवृत्तींत तें घेतलें नव्हतें. १५२२ च्या आवृत्तींत तें शिरलें. १८८१ च्या सुधारलेल्या इंग्रजी नव्या करारांतून तें वगळण्यांत आलें. तसेंच तीमथ्यास लिहिलेल्या पहिल्या पत्रांत (३.१६) 'देव देहांत प्रगट झाला' या आशयाचा पाठ चाले. ग्रीक लिपींत 'जो' या अर्थाचे ओमिक्रॉन व सिग्मा हे दोन वर्ण. पैकीं पहिल्याच्या पोटांत एक आडवी रेघ व दोहोंच्या माथ्यावर दुसरी रेघ दिली, कीं त्याचाच 'देव' होतो. लंडनमधील अलेक्झांड्रिन पोथींतल्या त्या दोन रेघा मूळ लेखकाच्या कीं मागाहून कोणीं ओढलेल्या, यावर पिढ्यानपिढ्या वाद चालला. १८८१ च्या संशोधकांनीं 'जो' हा पाठ धरिला. मोडी कागदांत एका फराट्यानें गांवाचें नांव पालटतें हें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस याचें महत्त्व सांगणें नको. रमाबाईंनीं हे पाठभेद वापरले असें आम्ही म्हणत नाहीं. पण इंग्लंडांतील पंडितांनीं चारच वर्षांपूर्वीं जो प्रश्न पोथ्यांस केला होता, तोच एका हिंदी स्त्रीनें केला असतां तो गर्व कसा ठरतो?

तथापि एवढ्यावरून नकाराचा पक्ष सिद्ध झाला असें समजूं नये. योहानाच्या शुभवर्तमानांत थोमा येशूस आपला प्रभु व आपला देव म्हणतो. त्याच्या मुख्य पोथ्यांत तेथें असा वाद नाहीं. त्याच ग्रंथांत येशू पित्यास आपणांहून थोर म्हणतो. आणि मार्काच्या ग्रंथांत 'उत्तम' हें विशेषण देवावांचून कोणास लावूं नये असें सुचवितो. योहानाच्या पहिल्या वचनांत पित्याच्या 'थेऑस्' या नांवास उपपद आहे, 'शब्दा'स लाविलेल्या त्याच नांवास नाहीं. त्यावरून कित्येक कनिष्ठ देवाचा अर्थ काढितात. परंतु विधेय क्रियापदापूर्वीं आलें असतां ग्रीकांत उपपद पुष्कळदां गळतें. मराठींत उपपदच नाहीं, आणि आमच्या चिमूरच्या बालाजीपासून परब्रह्मापर्यंत सर्वांस 'देव' हा एकच शब्द. त्यामुळें केवळ भाषांतर वाचणाऱ्यास हा वाद दिसतही नाहीं. एकंदरींत ग्रंथांत दोन्ही प्रकारचीं वाक्यें आहेत. त्यांची एकवाक्यता ३२५ सालीं निकाया येथील परिषदेनें 'एकसत्त्व' या अर्थाच्या शब्दानें केली. आणि तो शब्द मूळ ग्रंथांत कोठेंही नाहीं. तें भाष्य योग्य असेलही. पण तें भाष्य आहे.

मूळ व भाष्य यांतील हें अंतर रमाबाईंनीं ओळखिलें, हेंच त्या पत्रांचें मोल. त्यांस कायमच्या त्रैक्यविरोधकांत बसविणें मात्र चुकीचें आहे. १८९१ च्या सुमारास त्यांची श्रद्धा निराळ्या रीतीनें दृढ झाली, असें त्यांनींच १९०७ च्या आपल्या निवेदनांत लिहिलें आहे. मूळाचा आग्रह मात्र सुटला नाहीं. त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या व सगळें बायबल त्यांनीं मराठींत आणिलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या वारल्या. ग्रंथ १९२४ सालीं बाहेर पडला. आजीबाईंस दिलेलें खरें उत्तर तेंच होय.

म्हणून आमची सूचना इतकीच कीं, संग्राहकांनीं त्या भाषांतराच्या जुन्या प्रती रद्दींत जाऊं देऊं नयेत, आणि अभ्यासकांनीं वादग्रस्त वचनांपुरतें तरी तें भाषांतर १८८५ च्या पत्रांशेजारीं ठेवून ताडून पाहावें. निकाल लावण्यापूर्वीं दोन्ही दप्तरें उघडावीं, हा आपल्या शास्त्राचा पहिला नियम आहे.