एका सावलीतली तीन माणसे

जॉर्ज स्यूरा या फ्रेंच चित्रकाराच्या ‘ग्रांद झात बेटावरील रविवारची दुपार’ या चित्राविषयी लिहिताना सौंदर्यवादी समीक्षक बहुधा प्रकाशाविषयीच लिहितात. सीन नदीचे पाणी, काठावरचे ऊन, रंगांचे असंख्य ठिपके. चित्रातली माणसे त्यांच्या लेखी निमित्तमात्र. मला ही भूमिका मान्य नाही.

१८८४ ते १८८६ या काळात रंगवलेले, सुमारे सात फूट उंच आणि दहा फूट रुंद असे हे चित्र आज शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. त्याच्या डाव्या कोपऱ्यात सावलीत तिघे जण आहेत. बिनबाह्यांचे कपडे घातलेला, पाइप ओढत पहुडलेला एक दणकट कष्टकरी. उंच हॅट आणि छडीवाला एक गृहस्थ. आणि एक बाई. अंतर हातभराचे, पण कोणी कोणाकडे पाहत नाही. एका सावलीत बसणे म्हणजे एका पंक्तीत बसणे नव्हे.

आता ठिपके पाहू. रंग कालवून एक करण्याऐवजी ते शेजारी शेजारी ठेवायचे, पाहणाऱ्याच्या डोळ्यात ते मिसळतील, हे या तंत्रामागचे शास्त्र. दुरून चित्र एकजीव दिसते. जवळ गेले की प्रत्येक ठिपका सुटा. चित्रातला समाजही असाच आहे. तेव्हा इथे तंत्र आणि आशय वेगळे काढता येत नाहीत.

आणि चित्रातला रविवार तरी कोणाचा? फ्रान्समध्ये रविवारच्या विश्रांतीचा १८१४ चा कायदा १८८० साली रद्द झाला. आठवड्याच्या सुट्टीचा हक्क कामगारांना कायद्याने मिळाला तो १९०६ साली. म्हणजे स्यूरा हे चित्र रंगवत होता तेव्हा कामगाराची सुट्टी मालकाच्या मर्जीवर होती. ऊन सर्वांवर सारखे पडते. उन्हात निवांत पडून राहण्याची फुरसत मात्र सारखी वाटलेली नसते.

याआधीच्या ‘आनिएर येथील स्नान’ (१८८४) या चित्रात स्यूराने समोरच्या काठावरचे साधे पुरुष आणि पोरे एवढ्याच भव्य आकारात रंगवली. मागे कारखान्यांची धुरांडी आहेत. सरकारमान्य सलाँ प्रदर्शनाने ते चित्र नाकारले.

स्यूरा उघडपणे कोणाची बाजू घेत नाही, ही त्याची मर्यादा. पण तो दुरावा झाकत नाही. झाकतात ते समीक्षक. विद्यार्थ्यांनी ठिपक्यांचे शास्त्र जरूर शिकावे. त्याबरोबर कोण कोणाकडे पाहत नाही, हेही पाहावे.