एकोणिसावी रचना : एका पुनर्प्रकाशित तबकडीची पाठचिकित्सा

१९७५ साली ब्रायन ईनो हा इंग्लिश संगीतकार अपघातानंतर घरी पडून होता. भेटायला आलेल्या मैत्रिणीने त्याला अठराव्या शतकातील हार्पवादनाची एक रेकॉर्ड दिली. ती त्याने कशीबशी लावली आणि अंथरुणावर येऊन पडल्यावर त्याच्या लक्षात आले की आवाज फारच लहान आहे, शिवाय एका बाजूचा स्पीकर वाजतच नाही. पुन्हा उठण्याचे त्राण नव्हते. मग पावसाच्या आवाजात मिसळलेले, मधूनच कानी येणारे ते सूर तो तसेच ऐकत राहिला. ही हकीकत त्याने स्वतःच ‘डिस्क्रीट म्युझिक’च्या वेष्टनावर नोंदवली आहे. पुढे १९७८ च्या ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’पासून अशा संगीताला ‘अ‍ॅम्बियंट’ हे नाव रूढ झाले.

म्हणजे ज्याला उठता येत नव्हते अशा माणसाच्या खोलीत, एका रेकॉर्डमुळे, या संगीतविचाराला आकार आला. आज त्याच परंपरेतला एक महत्त्वाचा अल्बम रेकॉर्डवर ऐकायचा तर आठ वेळा उठावे लागते. हा अल्बम म्हणजे अ‍ॅफेक्स ट्विन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रिचर्ड डी. जेम्सचा ‘सिलेक्टेड अ‍ॅम्बियंट वर्क्स व्हॉल्यूम टू’. शेफील्डमध्ये सुरू झालेल्या वॉर्प या कंपनीने तो १९९४ च्या मार्चमध्ये काढला आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्याची वाढीव आवृत्ती चार तबकड्यांवर आणली. ही आवृत्ती ऐकून मला जे प्रश्न पडले, ते संगीतापेक्षा पाठचिकित्सेचे अधिक आहेत. म्हणून हा लेखप्रपंच.

जेम्स कॉर्नवॉलमध्ये वाढला. त्याच्या १९९२ च्या पहिल्या अ‍ॅम्बियंट संग्रहात टेक्नोचा ठेका होता, नाचणाऱ्यांना धरायला काहीतरी होते. दुसऱ्या संग्रहात त्याने तो ठेका जवळजवळ काढूनच टाकला. उरले ते लांबवलेले सूर, कुठे धातूवर घासल्यासारखे नाद, कुठे दोन-तीन स्वरांचे आवर्तन. मैफल सुरू होण्याआधी तानपुरे नुसतेच झंकारत असतात, त्या चार क्षणांतच राहायचे आणि गायक येणारच नाही हे मान्य करायचे, अशी काहीशी ही श्रवणाची अट आहे. तरीही इंग्लंडच्या अल्बम-यादीत तो अकराव्या क्रमांकापर्यंत पोचला होता.

आता पाठभेदांकडे वळू. मूळ तीन तबकड्यांवर पंचवीस रचना होत्या. ब्रिटनमधील दोन सीडींच्या संचात चोवीस होत्या आणि अमेरिकेतील सीडीसंचात तेवीस. गळलेल्या रचनांपैकी एकोणिसावी, चाहत्यांमध्ये ‘स्टोन इन फोकस’ नावाने प्रसिद्ध असलेली, दहा मिनिटांहून थोडी मोठी आहे. ती गळण्यामागे सौंदर्यविचार शोधण्याची गरज नाही. सीडीवर चौऱ्याहत्तर ते ऐंशी मिनिटे मावतात, संपूर्ण अल्बम पावणेतीन तासांचा आणि सीडी दोनच. साधी वजाबाकी आहे.

आपल्याकडच्या रसिकाला हे नवे वाटू नये. अब्दुल करीम खाँसाहेबांचा ख्याल आपण ओळखतो तो बव्हंशी ७८ गतीच्या तबकडीच्या तीन-सव्वातीन मिनिटांतून. तिथे माध्यमाने राग आखडून घ्यायला लावला, इथे एक अख्खी रचना उंबऱ्याबाहेर ठेवली. फरक इतकाच की आखडलेला ख्याल आखडलेला आहे हे आपल्याला ठाऊक असते. गाळलेली रचना गाळली आहे हे ऐकणाऱ्याला कळतच नाही.

मलाही कळले नव्हते. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात परदेशाहून आलेल्या एका मित्राने या अल्बमच्या दोन कॅसेटी भरून दिल्या होत्या. त्या अमेरिकन सीडीवरून केलेल्या होत्या. त्यांवर मी हा अल्बम पाठ केला आणि त्यातल्या क्रमाविषयी मित्रांशी हिरीरीने वादही घातले. आपला पाठ दोन रचनांनी अपुरा होता हे पुष्कळ वर्षांनी समजले. नव्या आवृत्तीत अठरावी रचना संपली, तेव्हा माझा कान सवयीने थेट विसावीकडे गेला होता. मध्ये एकोणिसावी सुरू झाली, ती संथ, श्वासासारखी आवर्तने घेत. तिच्यामुळे पुढची रचनाही मला निराळी ऐकू आली. तीस वर्षे जिच्याबद्दल मते बाळगली ती कलाकृती मी पूर्ण ऐकलीच नव्हती. समीक्षकाला यापेक्षा अवघड कबुली नसते.

या आवृत्तीचे पहिले श्रेय म्हणूनच स्पष्ट आहे : गळलेला पाठ तिने त्याच्या जागी बसवला. दुसरे श्रेय तांत्रिक आहे. पावणेतीन तास सहा बाजूंवर बसवायचे म्हणजे एका बाजूवर सरासरी सत्तावीस मिनिटे. बाजू जितकी लांब तितक्या खाचा दाटीने कोराव्या लागतात, त्यासाठी ध्वनीची पातळी उतरवावी लागते आणि सुईची खरखर त्या मानाने वर येते. ढोल-ताशात ती बुडून जाते, या संगीतात ती शेजारी येऊन बसते. शिवाय मिनिटाला सव्वातेहतीस फेऱ्यांच्या तबकडीवर बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे पन्नास सेंटिमीटर वेगाने सरकते, आत पोचेपर्यंत हा वेग वीसच्या आसपास येतो. त्यामुळे बाजूच्या अखेरीस बारकावे धूसर होतात. नव्या भरीसह आठ बाजू केल्याने प्रत्येक बाजूवरचा भार चार-पाच मिनिटांनी हलका झाला आहे.

पण इथेच रेकॉर्डप्रेमींच्या एका लाडक्या समजाला धक्का बसतो. ‘मूळ अनुभव’ हवा म्हणून लोक तबकडी घेतात. सहा बाजूंच्या आठ झाल्या की थांबे बदलतात. कोणत्या रचनेनंतर शांतता येणार, कोणती रचना आतल्या धूसर खाचांत जाणार, हे सारे बदलते. ही तबकडी १९९४ ची प्रतिकृती नाही, ते नवे संपादन आहे आणि संपादन म्हणूनच तिची परीक्षा व्हायला हवी.

संपादनाची कसोटी आपल्याकडे फार पूर्वीच घातली गेली आहे. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि पुढे कोणी पदरची ओवी त्यात घालू नये अशी ताकीदही दिली. नाथांचा पहिला दंडक इथे पाळला गेला, दुसरा पाळला गेला असे म्हणवत नाही. पंचविसाव्या रचनेच्या पुढे आणखी दोन जोडल्या आहेत. त्या खुद्द कर्त्याच्या आहेत, म्हणून त्यांना प्रक्षेप म्हणता येणार नाही. परंतु मूळ अल्बमला त्याचा स्वतःचा शेवट आहे. त्या दोन रचना परिशिष्ट समजाव्यात, आणि पंचविसावी संपली की सुई उचलून घ्यावी, एवढे मी सुचवीन.

तरीही त्यांतल्या एकीने मला मोठी गोष्ट दिली. मूळ अल्बममध्ये ‘ब्लू कॅल्क्स’ सोडता एकाही रचनेला शब्दांत नाव नव्हते. वेष्टनावर वर्तुळाचे तुकडे आणि छायाचित्रे होती. ती जुळवून, चित्रांत जे दिसले त्यावरून एका चाहत्याने नावे पाडली आणि ती सर्वतोमुखी झाली. ‘रूबार्ब’ हे त्यांपैकीच एक. आता नव्या आवृत्तीत त्या रचनेचे वाद्यवृंदासाठीचे, उलटे फिरवलेले रूप आले आहे आणि त्याच्या अधिकृत शीर्षकात ‘रूबार्ब’ हा शब्द आहे. श्रोत्यांनी दिलेले नाव कर्त्याने स्वीकारले. ज्ञानेश्वरी हे नावही लोकांनीच रूढ केले, हे इथे आठवावे.

अशा आवृत्त्यांना जुन्या आठवणींचा बाजार म्हणून हिणवण्याची रीत आहे. पुष्कळदा ते खरेही असते. इथे मात्र तीस वर्षे वेगवेगळ्या प्रती हाती धरून बसलेल्या श्रोत्यांना प्रथमच एक समान पाठ मिळाला आहे. आठ वेळा उठावे लागते, ही तक्रार उरतेच. पण एकोणिसावी रचना ऐकण्यासाठी मी आणखी एकदा उठेन.