‘फीट’ आणि आपले पराक्रम

आपल्या ख्रिस्ती चरित्रलेखनात ‘पराक्रम’ हा शब्द फार सैल हाताने वापरला जातो. मिशनऱ्याने शाळा काढली, पराक्रम. मराठीत ग्रंथ रचला, तोही पराक्रम. यामागे बहुधा इंग्रजी ‘फीट’ असतो. हे भाषांतर आम्हांस मान्य नाही.

‘फीट’ (पावलांचा ‘फीट’ निराळा) हा शब्द फ्रेंचमार्गे लॅटिन ‘फाक्तुम’पासून आला. ‘फाक्तुम’ म्हणजे ‘केलेले’, एवढेच. थोरवी त्याला मागाहून चिकटली. ‘फॅक्ट’ हे त्याचेच भावंड. सोळाव्या-सतराव्या शतकांतील इंग्रजीत त्याचा अर्थ पुष्कळदा दुष्कृत्य असा होई. आपल्या ‘करणी’चेही तसेच झाले. शब्द साधा कृतीचा, पण इकडे लोहारा-यवतमाळच्या खेड्यांत ‘करणी केली’ म्हटले की लिंबू आणि भगतच आठवतात.

‘पराक्रम’ची जात वेगळी आहे. त्यातला ‘क्रम’ हा टाकलेल्या पावलाचा. त्यात चालून जाणे आहे, आणि ज्याच्यावर चालून जायचे तो प्रतिपक्षही गृहीत आहे. मिशनऱ्याच्या सेवेला पराक्रम म्हणताना प्रतिपक्ष कोण ठरतो? ज्या गावाने त्याला पाणी दिले, तेच गाव! इतर धर्मीय शेजाऱ्यांत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांनी हा शब्द लिहिण्यापूर्वी थांबले पाहिजे.

फादर थॉमस स्टीफन्स यांचेच पाहा. १५४९ साली जन्मलेला हा इंग्रज जेज्वीट १५७९ मध्ये गोव्यास आला आणि १६१९ मध्ये तेथेच निवर्तला. त्याचे सुमारे ११ हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याला पराक्रम म्हटले की ती एका धडाक्यात मारलेली बाजी वाटते. लोकांची भाषा ऐकत आणि शिकत सासष्टीत काढलेली वर्षे त्या शब्दामागे लपून जातात. ‘फीट’ मात्र मुळाशी जाऊन घेतला, तर ती वर्षे त्यात मावतात.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या प्रारंभी, शब्दाने देह धारण केल्याचे सांगताना, लॅटिन बायबलात हेच ‘फाक्तुम’ येते. जुन्या लॅटिन मिस्साबलिदानात त्या ठिकाणी सारे गुडघा टेकीत.

पर्याय काय? ‘कामगिरी’ला कचेरीचा वास येतो, ‘प्रताप’ तर आया मुलांना रागावताना वापरतात. ‘कृत्य’ आम्हांस पुरेसे वाटते. नव्या करारातील एका पुस्तकाचे नाव मराठीत ‘प्रेषितांची कृत्ये’ असेच आहे.