चित्रांतला चिंटू आणि पडद्यावरचा चिंटू

रूपांतराचा विषय वर्गांत निघाला म्हणजे शेक्सपिअरचीं नाटकें व त्यांवरील चित्रपट यांचीं उदाहरणें द्यावयाचीं, असा माझा वर्षानुवर्षांचा परिपाठ आहे. मागच्या सत्रांत एका विद्यार्थ्यानें मला मध्येंच अडविलें. "सर, जपानी चित्रकथा एवढ्या चांगल्या असतात, मग माणसं घेऊन त्यांचा सिनेमा केला कीं बहुतेक वेळां बिघडतं कामून?" 'कामून' हा आमच्या देगलूरचा शब्द, त्यांत 'का' हा प्रश्न तर आहेच, शिवाय थोडी तक्रारहि आहे. मला उत्तर देतां आलें नाहीं. मुलांनीं नांवें सांगितलीं, तीं मी टिपून घेतलीं आणि दिवाळीच्या सुटींत एकामागून एक पाहिलीं. जें दिसलें त्यावरून माझें मन जपानांत न राहतां आपल्याच एका जुन्या ओळखीच्या मुलाकडे वळलें, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें जें उत्तर सर्वत्र दिलें जातें तें पाहूं. मूळ चित्रकथेशीं इमान राखलें नाहीं म्हणून चित्रपट पडतो, असें तिचे भक्त म्हणतात. 2009 सालीं अमेरिकेंत निघालेला 'ड्रॅगनबॉल एव्होल्यूशन' हा त्यांचा आवडता पुरावा. डोंगरांत एकटा वाढलेला गोकू तेथें अमेरिकन शाळेंतील एक बुजरा विद्यार्थी झाला आणि पटकथाकारानें पुढें 2016 सालीं चाहत्यांची उघड क्षमा मागितली. पुरावा खरा, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष खरा नव्हे. कोरियन दिग्दर्शक पार्क चान-वूक यानें 2003 सालीं 'ओल्डबॉय' केला तोहि एका जपानी चित्रकथेवरूनच. मूळ कथेंतला नायक दहा वर्षें कोंडलेला असतो, चित्रपटांत तो पंधरा वर्षें कोंडला जातो, आणि त्याला कोंडण्याचें कारण तर दिग्दर्शकानें पार बदलून टाकलें. तरी 2004 सालीं कान येथील महोत्सवांत त्या चित्रपटास ग्रां प्री हा मोठा सन्मान मिळाला. उलट 2021 च्या 'काउबॉय बीबॉप' मालिकेनें पोशाख, केशरचना, संगीत, एवढेंच काय पण आरंभींची नामावलीहि मुळाबरहुकूम उचलली; ती प्रसिद्ध झाल्यावर तीन आठवड्यांच्या आंतच पुढील भाग रद्द झाल्याचें जाहीर झालें. तेव्हां इमान हें या प्रश्नाचें माप नव्हे. इमान कशाशीं, हा खरा प्रश्न.

येथें चिंटूचें स्मरण होतें. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा हा मुलगा 1991 सालीं 'सकाळ'मध्यें जन्मला. तीनचार चौकटी, थोड्याशा रेषा, दोन टिपक्यांचे डोळे, डोक्यावर उभे राहिलेले कांहीं केस आणि एक लहानसा विनोद, एवढी त्याची इस्टेट. आई आणि पप्पा, पप्पू, मिनी, बगळ्या, राजू आणि सोनू हा त्याचा परिवार. तो शाळेंत जातो पण मोठा होत नाहीं. परीक्षा येतात, जातात, पण वय तेवढेंच. मराठी मध्यमवर्गाच्या घरांत सकाळच्या चहाबरोबर जी दोन मिनिटांची प्रसन्नता त्यानें दिली तिची नोंद आमच्या वाङ्मयेतिहासकारांनीं अजून घेतलेली नाहीं, आणि घेतील असें वाटत नाहीं. कारण ज्यास जाडी नाहीं तें वाङ्मय नव्हे, असा आमचा एक गुप्त सिद्धांत आहे.

आमच्या घरीं तो कात्रणांतून आला. पुण्यास असलेले माझे मेहुणे चौकटी कापून एका जुन्या वहींत चिकटवीत आणि दिवाळीस येतांना ती वही घेऊन येत. माझी मुलगी त्या वहीवरच वाचावयास शिकली असें म्हटलें तरी चालेल. देगलूर हें सीमेवरचें गांव. तेलंगणाची हद्द अगदीं जवळ. बाजारांत मराठीच्या बरोबरीनें तेलुगु, कानडी आणि उर्दू कानीं पडते, आणि आमची मराठीहि या शेजारणींच्या संगतींत वाढलेली. मुलगी मोठ्यानें वाचूं लागली म्हणजे मी ओटीवर बसून ऐकत असें. छापलेलें असे 'काय करतोयस?' आणि ती वाची, 'काय करायलास?' छापलेलें असे 'का?' आणि ती वाची, 'कामून?' मीं एकदां तिला टोकलें. ती म्हणाली, "पण चिंटू असाच बोलतो ना!" त्या वेळीं मीं हसून सोडून दिलें. आतां वाटतें कीं, चित्रकथेच्या शास्त्रांतील एक मूलभूत सूत्र त्या सहा वर्षांच्या पोरीनें मला सांगितलें होतें व मीं तें ऐकूनहि ऐकलें नाहीं.

छापील अक्षराला कंठ नसतो. चौकटींतल्या पांढऱ्या कोऱ्या जागेला गांव नसतें. चित्रकारानें चिंटूच्या मागें भिंत काढली नाहीं तर ती भिंत ज्याची त्यानें उभी करावयाची. आमच्या घरीं ती मातीची, वर माळवद असलेली उभी राहिली. दोन टिपक्यांच्या चेहऱ्यांत कोणतेंहि मूल शिरूं शकतें, कारण त्या चेहऱ्यांत दुसऱ्या कोणाला अडविण्याइतकें कांहीं नाहींच. रेषेचें सामर्थ्य ती जें सांगते त्यापेक्षां जें सोडून देते त्यांत अधिक असतें. आतां या मुलाला देह द्यावयाचा म्हटला म्हणजे तें सर्व सोडलेलें भरून काढावें लागतें. नाक कसें, आवाज कसा, जिना कोणत्या वाड्याचा, 'च' चा उच्चार कोणत्या पेठेंतला, हें सारें ठरवावें लागतें. कॅमेऱ्याला कोरी जागा ठाऊक नाहीं.

2012 च्या मे महिन्यांत श्रीरंग गोडबोले यांनीं दिग्दर्शित केलेला 'चिंटू' हा चित्रपट आला, तेव्हां आम्ही पुण्यास मेहुण्यांकडेच होतों. मुलगी दहा वर्षांची होती. वही बरोबर घेऊनच ती चित्रपटगृहांत गेली. शुभंकर अत्रे या मुलानें चिंटू केला, सुबोध भावे पप्पा आणि विभावरी देशपांडे आई झालीं. मुलें चांगलीं निवडलेलीं होतीं, थिएटर भरलेलें होतें, आजूबाजूचीं मुलें खळखळून हसत होतीं. आमची मुलगीहि हसली. बाहेर आल्यावर मात्र ती थोडा वेळ कांहीं बोलली नाहीं, आणि मग म्हणाली, "बाबा, चिंटू पुण्याचा आहे." त्यांत राग नव्हता. एखादा शेजारी दुसऱ्या गांवीं राहावयास गेल्याचें सांगावें तसें तिनें तें सांगितलें. वही परत आमच्याबरोबर आली, पण पुढें मीं ती तिला मोठ्यानें वाचतांना ऐकलें नाहीं.

त्या दिवशीं माझा राग चित्रपटावर होता, आणि कांहीं वर्षें मीं तो जपलाहि. यंदा तो चित्रपट पुन्हा पाहिल्यावर मला माझें मत थोडें दुरुस्त करावें लागत आहे. चिंटू पुण्याचा आहे हा दिग्दर्शकाचा अपराध नव्हे. कोठला तरी तो असावयाचाच होता; आणि त्याचे जनक ज्या शहरांत बसून चित्रें काढीत त्या शहराचा तो झाला तर आम्हांस कसली तक्रार? शिवाय घरांतले प्रसंग पडद्यावर उत्तम उतरले आहेत. आई रागावण्याच्या बेतांत असतांना पप्पांनीं वर्तमानपत्राआड जावें, मुलाच्या एखाद्या प्रश्नानें दोघांनीं एकमेकांकडे पाहावें, या गोष्टी चौकटींत होत्याच. तेथें मोठीं माणसें मुलाच्या बोलण्यावर उमटणारी प्रतिक्रिया एवढ्यापुरतींच असत, आणि कसलेले नट तेंच काम सहज करतात. जेथें जेथें चित्रपट घरांत, जिन्यावर किंवा अंगणांत रेंगाळतो तेथें तेथें तो चिंटूचा आहे.

बिघाड दुसरीकडे आहे. दोन मिनिटांच्या विनोदास दोन तास चालवावयाचें तर कथानक पाहिजे, कथानकास संकट पाहिजे, आणि संकट आणावयास दुष्ट मनुष्य पाहिजे, अशी चित्रपटवाल्यांची पायरीपायरीची समजूत असते. म्हणून मुलांचें मैदान बळकावणारा एक गुंड आला. पुढच्या वर्षींच्या दुसऱ्या चित्रपटांत तर खजिनाच आला. आतां चिंटूच्या जगांत गुंड नव्हता हें निव्वळ योगायोगानें नव्हतें. त्या जगांतलें सर्वांत मोठें संकट म्हणजे गृहपाठ, आणि सर्वांत मोठा विजय म्हणजे तो टाळतां येणें. त्या संकटाचा आकार मुलाच्या उंचीएवढाच होता, आणि म्हणूनच तें रोज येऊनहि कंटाळवाणें झालें नाहीं. गुंडाशीं लढणारा मुलगा शूर असेल, पण तो दुसरा मुलगा. बाह्य रूप सांभाळलें, केस उभे ठेवले, आणि मोजमाप मात्र बदललें. 'काउबॉय बीबॉप'चें झालें तेंहि मला असेंच कांहीं दिसतें: पोशाख जुना, चाल नवी. मुळांत जो विश्रब्ध, आळसावलेला काळ होता तो या मालिकेंत कोठेंच सांपडत नाहीं.

चित्रांतून देह निर्माण करण्याची विद्या मराठी मुलखास नवी नाहीं. आमचा चित्रपट जन्मला तोच मुळीं या खटाटोपांतून. राजा रविवर्म्याच्या छापखान्यांतून निघालेल्या देवादिकांच्या तसबिरी घरोघरीं भिंतींवर गेल्या आणि राम, सीता, दमयंती यांचे चेहरे लोकांनीं तेथूनच उचलले. त्या छापखान्यासाठीं काम केलेले धुंडिराज गोविंद फाळके यांनीं 1913 सालीं 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत दाखविला तेव्हां तारामतीचें काम अण्णा साळुंके या पुरुषानें केलें होतें. इमानाच्या दृष्टीनें पाहिलें तर यापेक्षां मोठें बेइमान कोणतें? पण प्रेक्षकांस तें खुपलें नाहीं. ते तारामतीची हुबेहूब प्रतिकृति तपासावयास आले नव्हते. भिंतीवरची तसबीर चालते, वळते, रडते हें पाहावयास ते आले होते, आणि फाळक्यांनीं तेवढें वचन पुरतें पाळलें.

फाळक्यांच्या 1919 च्या 'कालिया मर्दन'चा आरंभ मला या बाबतींत विशेष मोलाचा वाटतो. कृष्णाचें काम त्यांची मुलगी मंदाकिनी हिनें केलें. चित्रपट सुरू होतांच फाळके प्रथम त्या मुलीचाच चेहरा दाखवितात, तिच्या मुद्रेवरचे निरनिराळे भाव दाखवितात, आणि मग त्याच चेहऱ्याचा पाहतां पाहतां कृष्ण होतो. ही माझी पोर आहे, आणि आतां ही कृष्ण होणार आहे, असें ते प्रेक्षकांस आधींच सांगून टाकतात. देह लपविण्याचा प्रयत्न नाहीं, चित्राशीं बरोबरी केल्याचा आव नाहीं. प्रेक्षक आपण होऊन उरलेलें अंतर चालून जातो. 1936 च्या 'संत तुकारामां'त विष्णुपंत पागनीस यांच्या बाबतींत तर गंगा उलटी वाहिली. पडद्यावरच्या देहानेंच पुढें तसबिरीची जागा घेतली आणि आज तुकोबा म्हणून जे चेहरे छापले जातात त्यांपैकीं कित्येकांत पागनीसच डोकावतात. ही किमया सोंगाची नव्हती. ज्याचें भजन पाहणाऱ्यास खरें वाटलें त्याचा चेहरा लोकांनीं खरा मानला.

भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचा प्रकार थोडा निराळा, म्हणून त्याविषयीं थोडक्यांत. फुरसुंगीचा बनेश हा मुख्यतः शब्दांतला मुलगा. त्याचा चेहरा वाचकानेंच रचलेला. 2017 च्या चित्रपटांत अमेय वाघ यांनीं त्याला शाळेंतून उचलून तरुण केलें आणि वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या भानगडींत घातलें. मला तें धाडस पटलें. वय गेलें, पण चौकसपणा आणि 'ट्टॉक्' राहिला. फेणेला संकट पहिल्यापासूनच ठाऊक होतें. त्याला गुंड उसना आणावा लागला नाहीं.

आतां त्या विद्यार्थ्याच्या 'वन पीस'कडे येतों. एइइचिरो ओदा यांची ही चित्रकथा 1997 सालापासून चालू आहे आणि तिची मनुष्यरूप मालिका 2023 च्या ऑगस्टअखेर नेटफ्लिक्सवर आली. रबराप्रमाणें हात ताणणारा पोरगा प्रत्यक्ष देहांत हास्यास्पद दिसणार, या खात्रीनें मी पाहावयास बसलों, आणि रबरी हात खरोखरच थोडे हास्यास्पद दिसतातहि. तरी मालिका उभी राहते. कारण लुफीचें काम करणारा इन्याकी गोदॉय हा मेक्सिकन तरुण त्या वेड्या स्वप्नाकडे पाहून एकदांहि डोळा मिचकावीत नाहीं. चित्रांतला लुफी भाबडा आहे. हाहि भाबडाच राहतो, आणि आपल्या भाबडेपणाची त्याला लाज वाटत नाहीं. ओदा स्वतः त्या निर्मितींत लक्ष घालीत होते. त्यांनीं जपलें तें बहुधा हेंच असावें. जपान्यांनीं स्वतः 2012 सालीं केलेल्या 'रुरोनी केनशिन'मध्येंहि मला हाच गुण आढळला. तरवारीचे हात तेथें दोऱ्यांवर उडविण्याऐवजीं धांवत्या पायांवर बसविले आहेत, त्यामुळें चित्रांतला वेग देहाला परवडेल अशा रीतीनें आला.

हें सर्व मीं वर्गांत सांगितलें. त्या विद्यार्थ्याचें समाधान झालें नाहीं. तो म्हणाला, "पण सर, मग चिंटूचा सिनेमा देगलूरात केला असता तर?" सगळा वर्ग हसला. मीं म्हटलें, तर पुण्याच्या एखाद्या मुलीनें बाहेर येऊन आपल्या बापाला सांगितलें असतें कीं, चिंटू देगलूरचा आहे. यावर तो म्हणाला, "तिला सांगू द्या कीं एकदां!" याचें उत्तर मजजवळ अद्याप नाहीं.

माझी मुलगी आतां हैदराबादेस नोकरी करते. तिला फोनवर ही हकीकत सांगितली, तेव्हां तिनें प्रथम ती वही घरांत आहे का, हें विचारलें. माडीवरच्या पेटींत आहे. डिंकानें पानें एकमेकांस चिकटलीं आहेत, तीं सोडविण्याचें काम मीं सध्यां हातीं घेतलें आहे.