भूमिकाखेळांतील साथसंगीत

ज्या कथेचा शेवट ती सांगणारासहि ठाऊक नसतो, तिला साथ कोणत्या संगीताची द्यावी? प्रश्न वरवर पाहतां पोरखेळाचा वाटेल; आणि एका अर्थीं तो खेळाचाच आहे. तथापि तेवढ्यानें तो हलका ठरत नाहीं. कथा आणि संगीत यांचें नातें कसें असावें, हा वाद जुना आहे. रंगभूमीच्या व बोलपटाच्या अनुभवावरून त्यावर जीं उत्तरें आपण पाठ करून ठेविलीं आहेत, तीं या नव्या खेळांत पुरीं पडत नाहींत, असें आम्हांस दिसून आलें. म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्या वाचकांच्या घरांत हा खेळ अद्याप शिरलेला नाहीं, त्यांच्याकरितां त्याचें स्वरूप थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. चारपांच मंडळी एका टेबलाभोंवतीं बसतात. त्यांपैकीं एकजण सूत्रधार होतो व बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंगाचें वर्णन करतो आणि विचारतो, "तुम्ही काय करतां?" खेळाडू आपापल्या पात्राच्या वतीनें उत्तर देतात, जेथें यशापयशाची शंका असेल तेथें चार पैलूंपासून वीस पैलूंपर्यंतचे फांसे टाकून निकाल लावतात. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघां अमेरिकन गृहस्थांनीं रचलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ सालीं प्रसिद्ध झाला, आणि तेव्हांपासून या जातीच्या खेळांची परंपरा चालू झाली. नाटकांत संवाद ठरलेले असतात, कादंबरींत शेवट छापलेला असतो. येथें दोन्ही नाहींत. संगीताची अडचण नेमकी याच ठिकाणीं उद्भवते.

गेल्या आषाढांत पुण्यास आमच्या पुतण्याच्या घरीं अशा एका बैठकीस बसण्याचा योग आला. पुतण्या सूत्रधार होता. त्याची धाकटी बहीण व तिच्या तीन मैत्रिणी खेळाडू होत्या. चार दिवस खपून त्यानें संगीताची निवड केली होती, आणि कोणत्या प्रसंगीं काय लावावयाचें याची यादी वहींत लिहून ठेविली होती. आरंभ उत्तम झाला. दूरच्या घंटा, वारा, मंद तंतुवाद्यें यांच्या आधारानें बोलणाऱ्यांचे आवाज आपोआप खालीं आले. पुढें एक पूल आला, पुलावर एक म्हातारा उभा असल्याचें सूत्रधारानें सांगितलें, आणि त्याच क्षणीं मोबाइलवर बोट ठेवून त्यानें रणवाद्यें सुरू केलीं. ढोल घुमूं लागतांच चौघींनीं एकमुखानें शस्त्रें उपसलीं. फांसे पडले, म्हातारा पडला. आणि त्याच्या झोळींतून निघालें काय, तर याच चौघींच्या नांवें मदतीची याचना करणारें पत्र! पुतण्या संतापला. "त्यानं एक वांकडा शब्द उच्चारला नव्हता. मारलंत कां त्याला?" त्यावर बहिणीनें दिलेलें उत्तर आम्हांस एखाद्या टीकालेखाच्या मोलाचें वाटलें. ती म्हणाली, "दादा, ढोल तूंच वाजवलेस ना? आम्हांला वाटलं, ठरलेलंच आहे."

पुतण्याच्या मनांतले ढोल पुलापलीकडे दरडींत दडलेल्या लुटारूंचे होते. पण ढोल कोणाकरितां वाजत आहेत, हें ढोल सांगत नाहींत.

"ठरलेलंच आहे" या दोन शब्दांत सगळा प्रश्न आला. सूत्रधारांच्या विशेष आवडीचें संगीत पाहिलें तर त्यांत चित्रपटांचें संगीत पुष्कळ आढळतें: बेसिल पोलेदूरिस यानें १९८२ सालच्या 'कोनन द बार्बेरियन' या चित्रपटाकरितां रचलेलें, किंवा हॉवर्ड शोअर यानें २००१ ते २००३ या सालांतील 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या तीन चित्रपटांकरितां रचलेलें. दोघांचीहि योग्यता वादातीत आहे. परंतु चित्रपटाच्या संगीताचा धर्मच निराळा. चित्र बहुधा जुळवून झालेलें असतें. तलवार कोणत्या क्षणीं उपसली जाणार, कोण मरणार, कोण परत येणार, हें सेकंदांच्या हिशेबानें संगीतकारापुढें मांडलेलें असतें. म्हणून त्याचें संगीत भविष्य जाणतें, आणि तें जाणतें हाच त्याचा गुण होय. प्रेक्षकाच्या हातीं कांहींच नसल्यानें, पुढें काय येणार याची सूचना सुरांतून मिळाली तर त्याचें कांहीं बिघडत नाहीं. उलट त्याची भीति किंवा उत्कंठा वाढते. भूमिकाखेळांत ऐकणारा आणि करणारा एकच. तेथें हीच सूचना आज्ञा होऊन बसते. निर्णय घेणें एवढीच खेळाडूची मालमत्ता. तीहि सुरांनीं परस्पर उचलून नेली, तर त्यानें फांसे कशाकरितां टाकावयाचे?

अशा संगीताचा आणखी एक उपद्रव आहे. प्रसिद्ध चित्रपटाचे सूर एकटे येत नाहींत. शोअरचें संगीत लागलें कीं त्यामागून न्यूझीलंडचे डोंगर येतात, नटांचे चेहरे येतात, आणि खेळाडूनें स्वतःच्या कल्पनेनें नुकताच उभा केलेला डोंगर त्यांच्यापुढें मुकाट्यानें बाजूस सरतो. दुसऱ्याचें चित्र डोळ्यांपुढें टांगून आपलें चित्र काढावयास सांगण्यासारखेंच हें झालें.

केवळ या खेळाकरितां संगीत रचण्याचा उद्योगहि झालेला आहे. 'मिडनाइट सिंडिकेट' या अमेरिकन संगीतकार-मंडळीनें २००३ सालीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची अधिकृत ध्वनिमुद्रिका काढली. आज तर बाजार, अरण्य, तळघर, वादळांतलें जहाज अशा एकेका स्थळाचे दहा दहा मिनिटांचे ध्वनिपट कोणाहि सूत्रधारास घरबसल्या मिळतात. यांत कोणाचा चेहरा चिकटलेला नसतो, हा मोठाच लाभ होय. पण पट संपतो आणि पुन्हां आरंभापासून लागतो, हें सूत्रधार विसरतात. आमच्या बैठकींत अरण्याच्या प्रसंगीं एक घुबड ओरडलें, तेव्हां सर्वांच्या अंगावर कांटा उभा राहिला. दुसऱ्या वेळीं कोणी लक्ष दिलें नाहीं. चौथ्या वेळीं घुबड ओरडण्यापूर्वींच एका मुलीनें त्याची हुबेहूब नक्कल केली, आणि तेवढ्या हंशांत सगळें अरण्य विरून गेलें! यावरून निवडीचा एक साधा नियम निघतो. ज्या ध्वनींत ओळखून ठेवण्याजोगी एकहि घटना नाहीं, तोच पुन्हां पुन्हां लावतां येतो. ओढ्याची खळखळ चालते. घुबड चालत नाहीं.

लक्ष न देण्याकरितां रचलेलें संगीत ही कल्पना पाश्चात्त्यांत शंभर वर्षांची जुनी आहे. फ्रेंच रचनाकार एरिक साती यानें १९२० सालीं पॅरिसमधील एका चित्रशाळेंत 'घरसामानाचें संगीत' म्हणून एक प्रयोग केला. नाटकाच्या मध्यंतरांत तें वाजवावयाचें होतें. लोकांनीं खुशाल हिंडावें, गप्पा माराव्या, आणि खुर्चीटेबलाकडे आपण जितकें लक्ष देतों तितकेंच त्या सुरांकडे द्यावें, असा त्याचा आग्रह होता. वाद्यें वाजूं लागलीं मात्र, आणि लोक मुकाट्यानें जागेवर बसून ऐकूं लागले! बोलत रहा म्हणून बिचारा साती त्यांस विनवीत सुटला. पुढें १९७८ सालीं ब्रायन ईनो या इंग्रज रचनाकारानें 'विमानतळांकरितां संगीत' या नांवाची ध्वनिमुद्रिका काढून हीच कल्पना अधिक यशस्वी केली: ऐकावें वाटलें तर ऐकण्याजोगें, न ऐकलें तरी कांहीं न बिघडणारें. सूत्रधारानें सातीची फजिती ध्यानांत ठेवावी. सुरेल गोष्ट वाजूं लागली कीं सुसंस्कृत माणूस बोलणें थांबवितो; आणि या खेळांत बोलणें थांबलें कीं खेळच थांबला. म्हणून ठसठशीत चाल असलेलें संगीत टाळावें. शब्द असलेलें गीत तर मुळींच नको, कारण टेबलावर शब्दांचेंच काम चाललेलें असतें.

परंतु अशा संगीताचा आदर्श शोधावयास आपणांस पॅरिसपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. आपला तंबोरा घ्या. गायक पुढें काय गाणार हें तंबोऱ्यास ठाऊक नसतें, आणि ठाऊक असल्याचा आवहि तो आणीत नाहीं. तो पायाखालीं जमीन तेवढी देतो. एकाच सुरांत लावलेल्या तंबोऱ्यावर यमनहि उभा राहतो व भैरवहि. सूत्रधारानें लावावयाचें संगीत या जातीचें असावें. स्थळ सांगावें, काळ सांगावा, पण फळ सांगूं नये. याच्या अगदीं उलट उदाहरणहि आपल्याच घरचें आहे. बालगंधर्वांच्या पदांना 'वन्समोअर'वर 'वन्समोअर' मिळत आणि नाटक पहांटेपर्यंत लांबे. त्यांत नाट्याची हानि किती व संगीताचा लाभ किती, हा वाद आपल्या टीकाकारांनीं मनसोक्त घातला आहे. भूमिकाखेळास मात्र ती चैन परवडणारी नाहीं. येथें कथेनें थांबून संगीताची वाट पाहिली, तर तिच्या मागें उभें राहण्यास पाठांतराचा आधारहि नाहीं.

मग रणवाद्यांस खेळांत स्थानच नाहीं काय? आहे, पण त्यांचें स्थान निर्णयाच्या मागें आहे, पुढें नाहीं. कीर्तनांत तबलजी बुवांच्या मुद्रेकडे पाहून ठेका बदलतो. यंत्र कोणाच्याच मुद्रेकडे पाहत नाहीं. म्हणून पाहण्याचें तें काम सूत्रधारानेंच केलें पाहिजे. आधीं खेळाडूंनीं तलवार उपसावी, मग ढोल वाजावे. म्हणजे तेच ढोल आज्ञा न राहतां साथ होतात, आणि आपल्या कृतीनें जग हाललें असें समाधान खेळाडूस मिळतें.

याला एक अपवाद मानावा लागतो. कथेंतील पात्रांनाच जें संगीत ऐकूं येतें, तें साथ नसून प्रसंगाचाच भाग होय. १९८१ सालीं निघालेला 'कॉल ऑफ कथूलू' हा खेळ एच. पी. लव्हक्राफ्ट या अमेरिकन लेखकाच्या भयकथांवर उभारलेला असून त्याचा काळ बहुधा १९२० नंतरच्या दशकाचा असतो. त्यांत एखाद्या दिवाणखान्यांत ग्रामोफोन वाजत असेल, तर त्या काळचें जॅझ खुशाल लावावें. खेळाडू तें ऐकतील, कोणती तबकडी आहे म्हणून विचारतील, वाटल्यास जाऊन बंदहि करतील. त्यांचें स्वातंत्र्य अबाधित राहतें. पण याच लव्हक्राफ्टनें या अपवादाचीहि सीमा दाखवून ठेविली आहे. १९२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'द म्यूझिक ऑफ एरिक झान' या त्याच्या कथेंत एक मुका वृद्ध वादक माळ्यावरच्या खोलींत रात्रीं-अपरात्रीं तंतुवाद्य वाजवीत असतो. ते सूर या जगांतले नव्हेत, एवढेंच आपणांस कळतें. ते कसे होते तें कोणत्याहि वाचकानें ऐकलेलें नाहीं, आणि म्हणूनच प्रत्येकानें ऐकलेलें आहे. या प्रसंगीं जो सूत्रधार एखादें खरेंखुरें वादन लावील, तो अज्ञाताच्या जागीं चार मिनिटांचा एक तुकडा आणून ठेवील. शब्दांनीं जें वाजतें तें यंत्रानें वाजवूं नये.

सूचना देण्याचें साधन म्हणून संगीत हवेंच, असें पुतण्याचें म्हणणें पडलें. धोका जवळ आला हें कळवावयाचें कसें? आमच्या मतें त्यास सर्वांत समर्थ साधन म्हणजे चाललेला ध्वनि बंद करणें. अरण्यांतली किरकिर एकाएकीं थांबली कीं कोणीहि शहाणा माणूस मान वर करतो. पण काय करावें हें त्याला कोणी सांगितलेलें नसतें. ढोल उत्तर देतात, शांतता प्रश्न विचारते. २००५ सालच्या 'ड्रेड' नांवाच्या भयखेळांत फांशांऐवजीं लांकडी ठोकळ्यांचा मनोरा असतो. धाडस करणाऱ्यानें त्यांतला एक ठोकळा ओढून काढावयाचा, आणि मनोरा कोसळला तर त्याचें पात्र कथेंतून गेलें. तो ठोकळा सरकतांना लांकडाचा जो बारीक आवाज होतो, त्याची बरोबरी कोणतें वाद्य करणार? वीस पैलूंचा फांसा टेबलावरून गडगडत जातो त्या वेळींहि हेंच. तेवढ्या क्षणापुरतें यंत्र गप्प बसवावें.

पुतण्यानें हें सर्व ऐकून घेतलें. पटल्याचें मात्र त्यानें कबूल केलें नाहीं. आठ दिवसांनीं पुन्हां बैठक बसली तेव्हां त्याची यादी दोन पानांवरून पांच ओळींवर आली होती: वस्ती, वाट, रात्र, लढाई आणि लढाईनंतर. आवाजहि त्यानें इतका खालीं ठेविला होता कीं खिडकीबाहेरचा पाऊस त्यांत मिसळून गेला. खेळतां खेळतां चौघी एका पडक्या वाड्याशीं आल्या. ओसरीवर एक बाई हातांत दिवा घेऊन उभी होती. पुतण्याचें बोट सवयीनें मोबाइलकडे गेलें आणि तेथेंच थांबलें. कांहींच वाजलें नाहीं. चौघी एकमेकींकडे पाहूं लागल्या. एक म्हणाली, परत फिरूं. दुसरी म्हणाली, दिवा विझवूं. तिसरीनें धनुष्यास हात घातला व पुन्हां खालीं घेतला. बराच वेळ कोणी फांशास शिवलें नाहीं. अखेर धाकटी बहीण पुढें झाली आणि त्या बाईला तिनें तिचें नांव विचारलें.

पुतण्या वही चाळूं लागला. त्यानें त्या बाईस नांवच दिलेलें नव्हतें.