वावर, पेल्ला आणि संपादकाचा कान

तेल्हाऱ्यात कुणी ‘वावरात चाललो’ म्हणालं तर तो शेतात चाललाय. पुण्यातल्या लेखात ‘वावर’ आला की त्याचा अर्थ ये-जा, अस्तित्व. बोलीवर काम करणार असाल, तर फिलिटास तुमच्याच धंद्यातला माणूस समजा.

कॉस बेटावरचा हा ग्रीक कवी इ.स.पू. 300 च्या आसपासचा. दुसऱ्या टॉलेमीचा शिक्षक. अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा पहिला प्रमुख झेनोडोटस त्याचा शिष्य मानला जातो. त्याने दुर्मीळ आणि गावोगावच्या शब्दांचा संग्रह केला. होमरमध्ये ‘पेल्ला’ म्हणजे दुधाचं भांडं. बिओशियात मात्र दारूच्या पेल्याला तसं म्हणतात, अशी त्याची नोंद. (आपल्या ‘पेल्या’शी नातं जोडायची घाई करू नका, नुसत्या ध्वनीवर व्युत्पत्ती ठरत नाही.) तो इतका किडकिडीत की वाऱ्याने उडू नये म्हणून जोड्यांत शिसं घालायचा, अशी थट्टा उरली, कविता जवळपास सगळ्या गेल्या.

आपल्याकडे असा कवी-संशोधक शोधताना मला वि. भि. कोलते आठवतात. बुलढाणा जिल्ह्यातले, ‘लव्हाळी’ हा कवितासंग्रह त्यांच्या नावावर. पण आज आपण त्यांना वाचतो ते महानुभाव साहित्यासाठी, मुख्यतः 1978 च्या ‘लीळाचरित्रा’साठी. वऱ्हाडी कानाचा माणूस जुनी मराठी वाचतो तेव्हा काही शब्द त्याला पोथीतले वाटतच नाहीत, घरचे वाटतात. हा फायदा मोठा आहे. धोकाही तिथेच: घरचा अर्थ तेराव्या शतकातल्या वाक्यावर नकळत चढतो.

दुसरी अडचण संपादनाच्या यशातून येते. म्हाइंभटांची मूळ पोथी खिलजीच्या स्वारीत गेली आणि अनुयायांनी आठवणीतून लीळा पुन्हा उभ्या केल्या, असं परंपरा सांगते. म्हणजे मुळातच पाठ अनेक. कोलत्यांचं पुस्तक हातात आलं की सलग, गुळगुळीत ग्रंथ दिसतो, आणि आपण ‘चक्रधर म्हणतात’ लिहून पान क्रमांक टाकून मोकळे होतो. प्रबंधांत हे सर्रास चालतं, आणि तिथेच सगळा युक्तिवाद कच्चा राहतो. चक्रधरांचं म्हणून जे वाक्य तुम्ही उचललंत, ते दुसऱ्या पोथीत वेगळं असू शकतं.

म्हणून एक लीळा घ्या. नेने, तुळपुळे आणि कोलते अशी तीन संपादनं शेजारी ठेवा. शब्द बदलला तिथे खूण करा. मग तो शब्द आजही कुठल्या गावात, कुणाच्या तोंडी आणि कोणत्या वाक्यात येतो ते चिठ्ठीवर लिहा. नुसता अर्थ नको, अख्खं वाक्य लिहा.